व्हिंकोची मेणबत्ती

फ्रान्सेकाकांनी चुलीत लाकूड सारलं. “हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या,” ते पोरांना म्हणाले. “व्हिंको माझा शेजारी. त्यानेच सांगितलं, तेही एकदाच.”

वरचं त्सेर्क्निकाचं तळं उन्हाळ्यात आटतं. पाणी तळातल्या भोकांतून डोंगराच्या पोटात शिरतं आणि खाली आपल्या व्रह्निका गावात झरा होऊन निघतं, तिथून आपली नदी वाहते. तीन वर्षांपूर्वी व्हिंकोचा मुलगा टिलन आटत्या तळ्यातले मासे धरायला अशाच एका भोकात उतरला. वर पाऊस कोसळला, पाणी परतलं. टिलनचं काहीच हाती लागलं नाही. त्याची आई नेजा रडलीसुद्धा नाही. “पुरायला काहीतरी आणा, मग रडेन,” एवढंच म्हणाली.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री, सगळं गाव कबरींवर दिवे लावत होतं. नेजाने व्हिंकोच्या हातात लाल काचेतली मेणबत्ती दिली. “तुझ्या आईच्या कबरीवर ठेवून ये. आपल्याला दुसरी कबर कुठली?”

दफनभूमीच्या फाटकाशी त्याने ती पेटवली, तेव्हा काचेवर ओरखडे दिसले. नेजाने खिळ्याने ‘टिलन’ कोरलं होतं. त्याला आत जाववेना. तो झऱ्याकडे वळला.

तिथे एक बाई गुडघाभर पाण्यात वाकून तळ चाचपत होती. अंगावर जाडं लोकरी वस्त्र, खांद्याशी ते अडकवायला काशाचा काटा. पाणबुडे नदीतून जुनेपुराणे काढून म्युझियमला देतात ना, अगदी तसा.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“मुलगा.”

“माझाही. याच पाण्यात.”

“कधी?”

तिने वाहत्या पाण्याकडे बोट दाखवलं. “या नदीला आता सात नावं आहेत म्हणे. तेव्हा यांतलं एकही नव्हतं.”

व्हिंको एक पाऊल मागे सरला.

“मी खालीच शोधत राहिले,” ती म्हणाली. “चुकलंच माझं. वर जायला हवं होतं.” तिने हात पुढे केला. “दे इकडे.”

त्याने मेणबत्ती दिली. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

ती कड्याकडे चालू लागली. जिथून पाणी निघतं, तिथे. कमरेपर्यंत बुडाली. मग खांदे. मग डोकं...

उजेड विझला नाही. पाण्याखालून आत आत गेला.

घरी नेजाने विचारलं, “लावलीस?”

“दिली,” तो म्हणाला.

काका थांबले. पोरांतली बार्बरा हळूच म्हणाली, “मग?”

“मग यंदा जुलैत तळं आटलं. कोळी त्याच भोकात उतरले. टिलनचा एक बूट सापडला, नाडीला त्याची नेहमीची दुहेरी गाठ. तो पुरला आम्ही. नेजा त्या दिवशी रडली, पोटभर रडली बिचारी.”

त्यांनी चुलीचं दार लावलं.

“बुटाशेजारी लाल काच उभी होती. नाव कोरलेली. आता पाणी वरून खाली येतं, खालचं काही वर जात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि ते भोक अख्खा हिवाळा पाण्याखाली होतं...”

“काच फुटली होती?”

“नाही. रिकामी होती. मेण शेवटपर्यंत जळलं होतं.”