थंडोबाचा टॉवेल

बसा. झोप येत असेल तर खुशाल झोपा, मलाही सांगायचा फार उत्साह नाही. पण हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायलाही अंगात जोर लागतो.

तो कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायचा. सगळ्या मशीनना हवा पुरवणारं ते धूड एका बंद खोलीत. आवाजाची तक्रार झाली म्हणून खिडक्या विटांनी बुजवलेल्या. आतली उष्णता बाहेर फेकायला भिंतीत एकच मोठा पंखा. तो थांबला की खोलीची भट्टी. कॉम्प्रेसर फार तापला की आपोआप बंद, आणि अख्खा कारखाना ठप्प. साडूच्या शिफ्टला एकदा तसं झालं होतं. साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा झालं तर घरी बसायचं. आणि घरी बायको नुकती बाळंत झालेली.

त्या खोलीची एक रीत होती. बादलीत भिजवलेला टॉवेल मानेवर ठेवायचा. शिफ्ट बदलली की येणाऱ्यानं तो आपल्या मानेवर घ्यायचा आणि म्हणायचं, "जा, मी आहे." त्याशिवाय पहिल्यानं हलायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिथे एक म्हातारा ऑपरेटर होता. कितीही उकडो, चिडचिड नाही, घाई नाही. सगळे त्याला थंडोबाच म्हणायचे. एका रात्री पंखा बंद पडला, आणि त्याला मोकळं करायला येणारा आलाच नाही. थंडोबा हलला नाही. सकाळी स्टुलावर बसलेलाच सापडला. मानेवर टॉवेल, कडकडीत वाळलेला.

तो न आलेला माणूस म्हणजे माझा साडू. झोप लागली होती हो त्याला, दुसरं काही नाही.

तर डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेदोन. शिफ्ट बाराला संपलेली, पण पुढच्याचा पत्ता नाही. साडू डोळ्यांत तेल घालून बसलेला. पण तेलही संपतं कधीतरी. पेंगला.

जाग आली तेव्हा अंग भाजत होतं. पंखा थांबलेला. त्याचा पट्टा तुटून खाली पडलेला. कॉम्प्रेसर चालूच. उष्णतेचा काटा लाल खुणेपाशी. उठायला गेला... पाय उठेनात.

तेवढ्यात मानेवरचा टॉवेल सरकला.

कुणीतरी ओढला. मागून. हळू... सवयीच्या हातानं.

"कोण?"

...

कॉम्प्रेसरच्या त्या धडधडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तरी ऐकू आलं. बादलीत काहीतरी बुडालं. पिळलं. मग कानाशी... दमलेला आवाज...

"जा. मी आहे."

बाहेर कसा पडला, त्याला आठवत नाही. दाराबाहेरच्या थंड फरशीवर रडत पडला होता. "चुकलो हो, चुकलो..." दार उघडायची छाती झाली नाही.

सकाळी फिटरला घेऊन आत गेला. पट्टा तसाच तुटलेला. कॉम्प्रेसर मात्र रात्रभर बंद पडला नव्हता. नोकरी वाचली. पण माणूस मेला तरी त्याची शिफ्ट संपू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

खोलीत कुणी नव्हतं. स्टूल रिकामं. बादली कोरडी.

खुंटीवर टॉवेल होता. त्या भट्टीत ओलं कापड पाच मिनिटं टिकत नाही.

त्यातून पाणी ठिबकत होतं... गार.