क्लीनरची बाजू

गाडी बाबांच्या हातात होती तोवर तिच्या हलण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. बाबांनी जन्मभर या ट्रकमधून खडी वाहिली. खडीला काय, हलली काय नि आपटली काय, उतरवताना ती खडीच. गाडी इतकी पळाली होती की किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांनी कधीच हात टेकले होते. हादरे जिरवणारे पुढचे शॉकअप तर नावालाच उरले होते. एका खड्ड्यातून गेलं की पुढचं वळण येईपर्यंत केबिन वरखाली डुलत राहायची. ते बदलायचं कुणी नाव काढलं, की एरवी गरीब स्वभावाचे बाबा एकदम फणकारायचे, "हलू दे तिला. हलतेय तेच बरंय."

पुढे बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि गाडी दाराशी उभी राहिली. लेक म्हणाली, मी चालवते, तर तिच्या थोरल्या भावाने परगावाहून फोन करून निकाल देऊन टाकला, "भंगारात घाला. तिच्यानं व्हायचं नाही." ते 'तिच्यानं' लेकीला असं झोंबलं, की तिने गाडी चालवायचा परवाना काढला आणि काचेच्या कारखान्याचं कामही मिळवलं. आता काच म्हणजे खडी नव्हे. पहिल्याच दोन खेपांत तावदानं फुटली, आणि कारखान्याचा मॅनेजर तोंडावर म्हणाला, "आणखी एक पेटी फुटली तर आम्ही दुसरी गाडी बघू." म्हणजे गाडी भंगारात जाणार आणि भावाचं बोलणं खरं होणार. या दोहोंपैकी दुसरं तिला मुळीच सोसणारं नव्हतं.

म्हणून बाबांना न विचारता ती सकाळीच गॅरेजवर गेली.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी. मेकॅनिकला सगळे सळई म्हणायचे, कारण तो तसाच होता, बारीक आणि न वाकणारा. त्याने मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, जॅकने गाडीचं नाक उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवलं आणि खाली शिरला. नट गंजून बोल्टशी एकजीव झाले होते. तेल सोडून थोडं थांबावं लागलं, मग पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठे पहिला नट किंचाळत सुटला. तिच्या तळहाताचं सालटं निघालं. तिने तळवा ओढणीला पुसला आणि पुढच्या नटाला हात घातला.

निघालेला शॉकअप सळईने उभा धरून दाबला. दांडा जराही कुरकुर न करता आत गेला आणि तिथेच पडून राहिला. आतलं तेल केव्हाच गळून गेलं होतं.

"डावा बघा," सळई म्हणाला. "उजव्यापेक्षा किती झिजलाय. क्लीनरच्या बाजूला कोण बसतं?"

"कुणी नाही. बाबांनी क्लीनर कधी ठेवलाच नाही."

"मग रस्त्याच्या उतारानं झिजला असेल." असं म्हणून त्याने तो बाजूला टाकला आणि नवे शॉकअप खोक्यातून काढले. काळेभोर, ताठ, रबराचा वास येणारे. ते बसवता बसवता त्याने तिला समजावलं, "एक ध्यानात ठेवा, ताई. वजन पेलतात ते स्प्रिंगचे पाटे. शॉकअपचं काम एकच, हलणं थांबवायचं. आता कुणी चढलं की गाडी एकदा दबेल, एकदा वर येईल, की गप्प."

गाडी खाली उतरवल्यावर ती पुढच्या बंपरवर चढली आणि चांगली दणकून उडी मारली. गाडी दबली, वर आली, थांबली. तिला इतका आनंद झाला की तिने आणखी एकदा उडी मारून घेतली.

मग ती खाली उतरली. सळई फडक्याला हात पुसत होता, ती त्याच्या शेजारी उभी होती. दोघंही गाडीपासून चांगले चार हात लांब.

गाडी डाव्या बाजूला दबली, वर आली, थांबली.

केबिनची दोन्ही दारं लागलेली होती.

"नवं रबर आहे," शेवटी सळई म्हणाला. "जागा धरतंय." पण हात पुसायचं विसरून तो फडकं तसंच धरून राहिला.

रस्त्याला लागल्यावर मात्र तिचं मन हरखून गेलं. हीच का ती गाडी! बाटलीतलं पाणीसुद्धा शहाण्या मुलासारखं बसलं होतं. इतकी वर्षं सगळ्या खडखडाटात झाकून गेलेले बारीक आवाज आता वेगवेगळे ऐकू येत होते, चाकांचा, वाऱ्याचा, कुलपात लटकणाऱ्या किल्लीचा. आणि त्याच शांततेत तिला ते जाणवलं. रस्ता सरळ होता, खड्डा नव्हता, आणि डावी बाजू हलकेच दबून सावरली. बसून बसून अवघडलेल्या माणसाने मांडी बदलावी, तेवढीच.

वारा असेल, तिने स्वतःला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं.

डिझेल भरायला ती पंपावर थांबली. ती उतरली तशी गाडी उजवीकडून जराशी वर आली. ते ठीकच होतं. पण ती दोन पावलं गेली नाही तोच डावी बाजूही वर आली. परत येऊन तिने पायरीवर पाय ठेवायच्या आधीच डावी बाजू दबली.

तिने सरळ वळसा घातला आणि क्लीनरच्या बाजूचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. रेक्झिनच्या सीटवर धूळ साचली होती. तिने बोट फिरवलं तर स्वच्छ रेघ उमटली. त्या एका रेघेखेरीज धुळीवर कसलीही खूण नव्हती. आपण घाबरलो याचा तिला भयंकर राग आला. तिने दार असं आपटलं की पंपावरचा माणूस नोजल हातात धरून बघतच राहिला.

कारखान्याच्या फाटकाशी वजनकाटा होता. माल भरायच्या आधी रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, ड्रायव्हरने उतरून बाजूला उभं राहायचं, असा तिथला नियम. ती उतरून उभी राहिली. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सोबतच्यालाही उतरवा, ताई."

"सोबत कुणी नाही."

त्याने आकड्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "मागच्या खेपेला गाडी हलत होती म्हणून आकडा ठरत नव्हता. आज ठरलाय. कागदावरच्यापेक्षा एका माणसाचं वजन जास्त येतंय."

"मग तुमचा काटा चुकतोय."

"सकाळपासून कुणाचं चुकलं नाही."

"मग माझ्यापासून चुकायला लागला असेल," ती म्हणाली. त्याने हळूच खिडकी लावून घेतली.

कामगार पेट्या चढवत होते तेव्हा तिने घरी फोन लावला.

"बाबा, क्लीनरच्या बाजूला कोण बसतं?"

बाबांनी उलट विचारलं, "शॉकअप बदललेस?"

"हो."

"तरी सांगत होतो."

"काय सांगत होतात? काहीच सांगितलं नाहीत! कोण आहे ते?"

"मला काय ठाऊक? मी कधी विचारलं नाही." बाबांचा आवाज अगदी खाली गेला. "हलत्या गाडीत कळत नाही, बाळ. कळलं नाही की चालून जातं. तूही त्याच्याशी बोलू नकोस. बस म्हणू नकोस, उतर म्हणू नकोस. बसलंय तर बसू दे."

"तुम्हाला चाललं असेल. मला नाही चालत."

"ऐक माझं."

"गाडी माझी आहे की त्याची?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

तिने काच पोचवली. पेट्या उघडल्या, तावदानं एकेक करून उन्हात उभी केली गेली. एकाला साधा तडाही नव्हता. माल उतरवून घेणाऱ्याने आपणहून मॅनेजरला फोन लावला, "आजपासून हीच गाडी पाठवत जा." ती केबिनमध्ये येऊन बसली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून थोडा वेळ तशीच राहिली. तिचे डोळे भरून आले होते. कुणालाही न विचारता, घरच्या कुणाच्याही मदतीशिवाय तिने हे करून दाखवलं होतं.

डावी बाजू दबली, वर आली, थांबली.

तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

"ए," परतीच्या रस्त्याला लागल्यावर ती मोठ्याने म्हणाली. समोरून नजर हलवली नाही. "बाबांनी तुला चालवून घेतलं. मी घेणार नाही. आज एक काच फुटली नाही, ती माझ्यामुळे. ही माझी गाडी आहे. इथं माझ्याशिवाय कुणी बसणार नाही. कळलं?"

डावी बाजू अगदी स्थिर झाली. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं तशी.

तिने ब्रेकवर पाय ठेवलासुद्धा. दोन्हीकडे माळ होता, घर ना दार. आणि वस्ती नसलेल्या जागी सोबतच्याला रस्त्यावर उतरवायचं नाही, हा ड्रायव्हर लोकांचा शिरस्ता लहानपणापासून तिच्या अंगात मुरलेला. भांडण झालं तरी माणसाला वस्तीपर्यंत न्यायचंच. रागाच्या भरातही तो शिरस्ता सुटला नाही.

"घर आलं की उतरायचं," ती म्हणाली. "आणि पुन्हा चढायचं नाही."

उन्हं कलायला लागली तेव्हा तिने गाडी नेहमीसारखी घराच्या दारासमोर उभी केली. इंजिन बंद केलं. आडवं होऊन हात लांबवला आणि क्लीनरच्या बाजूचं दार सताड उघडलं.

"उतर."

काहीच झालं नाही. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. रस्त्यावरून एक सायकल गेली.

"उतर म्हटलं ना!"

डावी बाजू वर आली. थांबली.

ती श्वास रोखून बसून राहिली. मग उतरली, दार लावलं, भिंतीला टेकून हाताची घडी घालून गाडीकडे बघत राहिली. गाडी जराही हलली नाही. ती पुन्हा चढली, गाडी फक्त तिच्यापुरती दबली. पुन्हा उतरली, तेवढीच वर आली. दोनदा, तीनदा करून पाहिलं. शेजारीण खिडकीतून बघायला लागली तेव्हा तिला हसूच आलं. मोठ्याने, अगदी पोटभर हसू आलं. एवढं सोपं होतं! बाबा जन्मभर घाबरून गप्प बसले आणि हिने एका शब्दात काम केलं. भावाला आत्ताच्या आत्ता फोन करावा आणि सांगावं, तिच्यानं झालं म्हणून.

ती उड्या मारतच घरात शिरली. पुढच्या खोलीतच बाबा पलंगावर पाय लांब करून बसले होते.

"बाबा, उतरवलं मी त्याला! गेलं!"

बाबांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "कुठे उतरवलंस?"

"कुठे म्हणजे? इथंच. आपल्या दारात."

त्यांची मान तिच्यावरून हळूच दाराकडे वळली, मग दारावरून खोलीच्या मध्याकडे, मग पलंगाच्या पायथ्याकडे. त्यांना काही दिसत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

"दार लावून घे," ते अगदी शांतपणे म्हणाले. "सगळे आत आलेत."

तिने दार लावलं आणि वळून पाहिलं. बाबांनी पाय पोटाशी घेऊन बसायला जागा करून दिली होती, आणि पायथ्याकडची गादी हळूहळू दबत होती.