पाद्रीबुवांना दिलेला पत्ता

नील, तो फोन आधी उलटा ठेव. आणि कस्तुरी, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. शशिधर माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं होता. थापा मारणारा माणूस नव्हे.

रिटायर झाल्यावर घरी बसून करणार काय, म्हणून त्यानं केंब्रिजच्या एका लायब्ररीचं व्हॉलंटियरचं काम घेतलं. अठराव्या शतकातल्या दोन शास्त्रज्ञांची पत्रं. एक खेड्यातला पाद्री, दुसरा लंडनचा डॉक्टर. दोघं रोज रात्री थर्मामीटर बघायचे, आकडे एकमेकांना कळवायचे आणि 'तुमचाच खोटा' म्हणून भांडायचे. पत्रांचे फोटो लॅपटॉपवर यायचे, ते वाचून शशिधर टाइप करायचा. हॅरोच्या घरात, किचनच्या टेबलावर.

पुढे डॉक्टरची उत्तरं थांबली. वारला असणार. पाद्री मात्र लिहीतच राहिला, 'तुमचा थर्मामीटर एकदा माझ्या डोळ्यांनी बघू द्या.' पत्रामागून पत्र. शशिधरला कीव आली. त्यानं खाली गमतीनं टाइप केलं, 'मीही डॉक्टरच. या ना एकदा घरी.'

आपली खोड! सुपरमार्केटच्या क्यूमध्ये भेटलेल्यालाही आपण 'या एकदा घरी' म्हणतो. कुणी खरंच येत नाही म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीखाली एकच शब्द होता. 'कुठे?'

आता शहाण्या माणसानं लॅपटॉप मिटावा की नाही? ह्याला वाटलं, लायब्ररीतलंच कुणीतरी चेष्टा करतंय. ह्यानं पत्ता दिला. पोस्टकोडसकट!

मग लायब्ररीची ईमेल आली, कृपया पदरचं काही घालू नका. त्यांच्या मते तो 'कुठे?' शशिधरच्याच लॅपटॉपवरून आला होता, पहाटे. सुप्रभावहिनींचा चेहरा उतरला. त्याच महिन्यात तो दूध गॅसवर ठेवून विसरला होता ना.

"अहो, तुम्हीच लिहिलं असणार. आठवत नसेल," त्या म्हणाल्या.

मुलानं, समरनं, मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली आणि बापाच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. शशिधर माझ्याकडे पिनरला आला तो बसनं. माझ्यासमोर रडला रे. "डोकं जायच्या आधी मी गेलेलं बरं," म्हणाला. खरं सांगू? मलाही संशय त्याचाच होता. लॅपटॉप मी ठेवून घेतला आणि कपाटात बंद केला.

गेल्या जानेवारीतला शनिवार. समर मुद्दाम आईबाबांकडे राहायला गेला. बाबा रात्री उठून काय करतात ते बघायला. खाली सोफ्यावर जागा होता. वर दोघं झोपलेले.

अडीचला बेल वाजली. एकदाच.

समरनं दाराच्या काचेतून पाहिलं. कुणी नाही. त्यानं दार उघडलं नाही. साहजिकच त्याला वाटलं, म्हातारा मागच्या दारानं बाहेर गेलाय.

"बाबा! तू बाहेर गेला का?"

वरून आवाज आला. "नाही रे. मी बेडमध्येच आहे."

मग... थोडं थांबून...

"पण समर... जिन्यावर कोण आहे?"

त्यानं लाइट लावला. जिना रिकामा. हीटिंग चालू. तरी तोंडातून वाफ येत होती.

दाराला कडी तशीच. दारापासून आत कार्पेटवर काहीतरी चमकत होतं. त्यानं वाकून पाहिलं. थेंब. बोट लावलं तर पळाला.

पारा.

त्या घरात पारा कुठून येणार? सगळे थर्मामीटर बॅटरीचे. एकेका पावलाच्या अंतरानं थेंब पडलेले. पायरीवर... पुढच्या पायरीवर...

समर धावत वर गेला आणि बापाच्या गळ्यात पडला. "सॉरी बाबा. तू बरोबर होता. आय ॲम सो सॉरी." शशिधर हसला. पोराचा विश्वास परत मिळाला, त्याला आणखी काय हवं होतं? क्लिनिक रद्द करू म्हणाला, किल्ल्या दे म्हणाला.

सुप्रभावहिनी मात्र खाली बघत होत्या.

थेंब बेडरूममध्ये आले होते. शशिधरच्या उशापर्यंत.

परत जाणारा... एकही नव्हता.