गुडघ्याचा खोकला

स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली तरी ठाण्याच्या मिठागरात बांधावर एकच कायदा. रिकाम्याने भरल्याला वाट द्यायची. गोदाच्या डोक्यावर मिठाने भरलेली टोपली, आणि समोरून भिवा रिकामी घेऊन आलेला. त्याने बाजूला व्हायचं ना? पण नाही. बघतच राहिला... गोदाने कोपर मारलं तसा गेला चिखलात, मांडीपर्यंत.

"डोळे नायत का रे?"

"हायत ना. तेच तर नडले."

बोलणं पंचविशीतलं, माणूस पन्नाशीच्या पलीकडचा. त्याच हंगामात आलेला, बायको वारून दहा वर्षं झालेली. गोदाही विधवा, तीही पन्नाशी ओलांडलेली. पण केसांना काजळी फासायची. ऊन काय कुणाचं ऐकतं? दुपारपर्यंत कानामागून काळा ओघळ उतरायचा, आणि भिवा नेमका तोच बघत बसायचा.

एवढं नाटक कशाला? तर मुकादम काळुरामने सांगून ठेवलेलं, पन्नाशीच्या वरच्यांना पुढच्या हंगामात काम नाही. शनिवारी वय विचारून नावं लिहिणार. जन्माचा कागद कुणाकडेच नव्हता. सांगाल ते वय.

भिवाचा घात गुडघा करायचा. टोपली उचलायला बसला की कट्कन वाजायचा. तो आवाज दाबायला भिवा जोरात खोकायचा.

"गुडघ्याला खोकला झालाय तुझ्या," गोदा बोलली. संध्याकाळी त्याच्या भाकरीच्या फडक्यात तेलाची बाटली निघाली.

"हे कशाला गो?"

"खोकल्याला."

दुसऱ्या दिवसापासून तो तिची टोपली जरा कमी भरायला लागला. तिच्या ते लगेच ध्यानात आलं.

"मी काय म्हातारी झाले?"

"तू? तू तर पोर."

"बेचाळीस."

"मी पंचेचाळीस."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं... आणि दोघंही दुसरीकडे बघायला लागले.

शनिवार आला. मुकादम खोपीच्या दारात वही घेऊन बसलेला. गोदाने बेचाळीस सांगितलं, त्याने लिहिलं. भिवाने पंचेचाळीस सांगितलं, तेही लिहिलं. झालं काम. आता तोंड बंद ठेवून निघायचं की नाही? पण पोत्यांतून एक उंदीर पळाला आणि गोदाने भिवाचा दंड घट्ट धरला. मग काय, छाती फुगली.

"उंदराला काय भितेस? प्लेगच्या साली अख्खा गाव माळावर झोपड्यांत राहिलेला, तवा मी उंदीर शेपटीला धरून फिरवायचो."

"कुठल्या माळावर?"

"खारेगावच्या."

गोदाने दंड सोडला. "एक मेला पोरगा उंदीर घेऊन माझ्या मागे लागलेला..."

"आणि एक पोरगी, दोन वेण्यांची, चिंचेवर चढून बसलेली. दिवसभर उतरली नाय."

"तो तू?"

"ती तू?"

मुकादमाने पेन्सिल खाली ठेवली. "प्लेगला पन्नास वर्षं झाली."

त्याने दोन्ही नावांवर रेघ मारली. गोदाच्या कानामागचा ओघळ मानेपर्यंत आला.

"तोंड हाय का घमेलं?" ती भिवाला हळूच बोलली. "आता खायचं काय?"

भिवा खाडीकडे बघत होता. तिथे उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. ते राखणारं म्हातारं जोडपं मुलीकडे टिटवाळ्याला निघून गेलेलं.

"मुकादम, उघाडीवर माणूस मिळाला?"

"कुठे? जाणतं माणूस पाहिजे. आणि जोडपंच पाहिजे. एकाला डुलकी लागली तर दुसऱ्याने दार लावायला. तू तर एकटा."

"एकटा कुठे? ही हाय की."

"मी?" गोदा बोलली. "कधीपासनं?"

"प्लेगपासनं."

मुकादम गोदाकडे बघायला लागला. भिवा जमिनीकडे. चिखलात पडला तेव्हाही एवढा घाबरला नव्हता.

गोदाने पदराने मान पुसली. मग कपाळावरचे केस पुसले, चांगले खसाखसा. पांढरे स्वच्छ दिसले.

"लिहा," ती बोलली. "पण आधी चार माणसांत पाट लावायचा, मगच मी उघाडीवरच्या खोपीत पाय ठेवीन. आणि उंदीर हा मारील."

दोघांच्या टोपल्या उचलायला भिवा खाली बसला. गुडघा कट्कन वाजला.

या वेळी भिवा खोकला नाही.