धपाट्याचा धनी

न्यायाधीश मुल्लाणी मॅडमांसमोरच्या टेबलावर भरतेश मगदूमचा उजवा हात चार्जिंगला लावून ठेवला होता. खुद्द भरतेश रिकामी बाही खिशात खोचून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. जप्त झाल्यापासून हात पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत होता, एका बाजूला गावठी दारूचे कॅन आणि दुसऱ्या बाजूला चोरीची सायकल. अटक नक्की कुणाला करायची यावर ठाण्यात बराच खल झाला होता. शेवटी हात आत आणि माणूस जामिनावर बाहेर, असा तोडगा निघाला.

गुन्हा साऱ्या इचलकरंजीनं मोबाइलवर पाहिला होता. नगरसेवक माणिकभाऊ आवटींचा वाढदिवस, भरतेशच्या बेकरीतला तीनमजली केक. भाऊ हातातली तलवार बाजूला ठेवून मेणबत्त्या विझवायला वाकले, त्यांनी दणदणीत फुंकर मारली, आणि शेजारी उभ्या भरतेशचा यांत्रिक हात वर जाऊन भाऊंच्या पाठीत असा बसला, की भाऊ केकच्या तिन्ही मजल्यांतून थेट खालच्या लाकडी पाटावर पोचले. पुढचे दोन दात केकमध्येच राहिले. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

पंचाईत अशी, की भरतेशचा भाऊंवर राग होता. भाऊंच्या शुभेच्छांचा फ्लेक्स कित्येक महिने बेकरीच्या तोंडावर उभा होता, गिऱ्हाइकाला भाऊंच्या काखेखालून आत यावं लागे. ‘एक दिवस ह्याच्या पाठीत धपाटा घालणार हाय मी,’ हे भरतेशनं पानपट्टीवर इतक्या वेळा म्हटलं होतं, की साक्षीदार निवडताना सरकारी वकिलांना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

शिक्षा झाली तर हात सरकारजमा होणार होता. यंत्रमागाच्या पट्ट्यात मूळ हात गेल्यावर हस्तपेढीनं त्याला हा दिला होता. नेत्रदानासारखं तिथं यांत्रिक हातांचं दान चाले. हात दंडातल्या नसांवरून माणसाच्या मनातलं ओळखायचा, मनगटातल्या बारीक कानानं सूचना ऐकायचा, आणि रोजच्या हालचाली ‘सवय-स्मृती’त साठवून ठेवायचा, म्हणजे भाकरी मोडायलाही दर वेळी विचार करायला नको. याच हातानं भरतेश केकवर क्रीमनं नावं लिहायचा. त्यानं काढलेलं ‘श्री’ बघून लोक केक कापायला तयार होत नसत. हात गेला तर बेकरीही गेलीच.

त्याची वकील इरावती कांबळे विधी सेवेतर्फे फुकट मिळाली होती आणि त्याच्याहून पाचेक वर्षांनी लहान होती. तिनं हाताचं पूर्वायुष्य खणून काढलं. हात आधी रंगा वस्तादांचा होता, तालमीतल्या. ते वारल्यावर घरच्यांनी तो पेढीला दिला, आणि पेढीतला कुणीतरी सवय-स्मृती पुसायलाच विसरला. वस्ताद पोरांच्या पाठीत धपाटे घालण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. थोडक्यात, धपाटा वस्तादांचा.

“पण मॅडम, मला घालायचा हुताच की,” भरतेश म्हणाला.

“नुसतं मनात येण्याला शिक्षा असती, तर निम्मं गाव तुरुंगात आणि निम्मं पहाऱ्यावर असतं,” इरावती म्हणाली. “आणि पहाऱ्यावरच्यांच्याही मनात काहीबाही येतच असतं.”

भरतेशला हसू आलं नाही. धपाटा बसला त्या क्षणी त्याला छातीत गार वाटलं होतं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. हात आपण उचलला की आपोआप उचलला गेला, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

प्रात्यक्षिकाच्या तारखेला हात त्याच्या दंडाला बसवून त्याला कोर्टाच्या मधोमध उभं केलं. ज्याच्याशी काही वाकडं नाही अशाच्या पाठीतही हा हात बसतो, हे दाखवायचं होतं. इरावती वाकली. हात हलला नाही. शिपाई वाकला, कारकून वाकला. पट्टेवाल्यानं तर हौसेनं दोनदा पाठ पुढं केली. हात मांडीशी देवळातल्या भक्तासारखा गप्प.

सरकारी वकील घोरपडे हे शांत आणि लठ्ठ गृहस्थ होते. ते म्हणाले, “म्हणजे हाताला कुठलीही पाठ चालत नाही. भाऊंचीच लागते.”

भरतेशला ते पटलंच.

इरावतीचा शेवटचा साक्षीदार होता वस्तादांचा पठ्ठ्या, संभा पैलवान. तो साक्षीच्या पिंजऱ्यात मावत नव्हता, म्हणून एक पाय बाहेर ठेवून त्यानं शपथ घेतली. प्रात्यक्षिक त्याला अजिबात पसंत पडलं नव्हतं.

“नुसतं वाकल्यावर वस्ताद मारतील व्हय?” तो म्हणाला. “जोर मारून मारून दम सुटाय पायजे. छातीतनं ‘हुं’ निघालं, की मग पाठीत बसायचा. मार न्हवता त्यो मॅडम, शाबासकी हुती. ती मिळवायला आमी वर्षं वर्षं घाम गाळलाय. ह्या भाऊला एका फुंकरीत मिळाली.”

घोरपडे हरकत घ्यायला तडक उठले. त्या गडबडीत त्यांचं पेन खाली पडलं. ते उचलायला ते, हात बसवून अजून मधोमधच उभ्या असलेल्या भरतेशच्या पुढ्यात वाकले, आणि त्यांच्या देहयष्टीच्या माणसाच्या छातीतून वाकताना जो आवाज निघतो, तो निघाला.

हात वर गेला. घोरपडे टेबलाखाली गेले.

कोर्टात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण पडले होते घोरपडे. संभा पैलवानानं हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. “वस्ताद,” तो एवढंच म्हणाला.

भरतेश हाताकडे बघत राहिला. घोरपडे साहेबांवर त्याचा कसलाच राग नव्हता. मागच्या तारखेला त्यांनीच त्याला चहा पाजला होता. आणि या खेपेला छातीत काही गार वाटलं नव्हतं.

“गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात,” निकाल देताना मुल्लाणी मॅडम म्हणाल्या. “वाईट कृती आणि तिच्यामागचा वाईट हेतू. इथं दोन्ही आहेत. आरोपीला धपाटा घालायचा होता, आणि धपाटा बसला. पण त्या हेतूनं हा हात हलवला, हे काही सिद्ध झालेलं नाही. दोघं एका दिवशी एका मांडवात होते, एवढंच. मांडवात दोघं हजर असले म्हणून त्यांचं लग्न लागत नाही.”

भरतेश निर्दोष सुटला. हात परत मिळाला. तो दाराकडे वळताच मॅडमांनी त्याला थांबवलं.

“आजवर तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. यापुढं हा कुणाच्या पाठीत बसला, तर हयगय तुमची. वस्ताद काही पिंजऱ्यात उभे राहायला येणार नाहीत.”

हस्तपेढीनं माफी मागितली आणि स्मृती पुसून द्यायची तयारी दाखवली. मात्र पुसलं तर सगळंच जाणार होतं, वस्तादांबरोबर भरतेशचं ‘श्री’सुद्धा. भरतेशनं हात मागं घेतला. आपणच ह्याला शिकवू, म्हणाला.

मग घरात तालीम सुरू झाली. बायको, पद्मजा, पाठीला लोड बांधून स्वयंपाकघरात वाकायची आणि ‘हुं’ म्हणायची. पहिल्या आठवड्यात लोडातला कापूस पार गॅलरीत पोचला. “शाबासकी पुरं झाली, आता भांडी घासा,” ती म्हणायची. हात वर निघाला की भरतेश दातओठ खाऊन ‘सावकाश, सावकाश’ असं मनात घोकायचा. हात ऐके, कधी न ऐके. तोवर दुकानात गिऱ्हाईक आलं की तो हात पट्ट्यानं कमरेला बांधून ठेवी.

एका दुपारी तो ‘श्री’ काढत असताना समोर माणिकभाऊ उभे. एकटेच. फ्लेक्स केव्हाच उतरला होता, कारण त्याच्यावर जुने दात होते. भाऊंच्या आईचा वाढदिवस होता, आणि आईनं केक मगदूमकडचाच पाहिजे म्हणून सांगितलं होतं. हे सांगताना भाऊ छताकडे बघत होते.

“खालच्या कप्प्यात काय हाय?” असं म्हणत ते काचेपाशी आले, वाकले, आणि त्यांच्या छातीतून निघालं, “हुं.”

पट्टा खुंटीवर होता. हात वर गेला. ‘सावकाश’ म्हणायलाही भरतेशला वेळ मिळाला नाही.

हात अर्ध्यात थांबला. मग हळूहळू खाली आला, भाऊंच्या पाठीवर अलगद टेकला आणि दोनदा थोपटून तिथंच राहिला. शर्टाला थोडं क्रीम लागलं.

भाऊ वाकलेलेच होते. बराच वेळ वाकलेले होते.

“अजून एकदा ठेव की,” ते खालूनच म्हणाले.

भरतेशनं हाताकडे पाहिलं. तो धपाटा कुणाचा नव्हता, ते कोर्टानं ठरवून दिलं होतं. त्यासाठी साक्षी झाल्या, वकील पडले, निकाल लागला.

आणि हा कुणाचा?