डावीकडं ओढणारी गाडी

शेकोटीजवळ सरकून बसा, पोरांनो. तुळजापूरच्या महालिंगप्पा मिस्त्रीला मी चांगला ओळखायचो. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. एकदाच गप्प राहिला, एवढंच.

साल एकोणसाठ, मार्गशीर्षातली अवस. दिवेलागणीला तामलवाडीचे हिंमतराव त्याच्या गॅरेजात गाडी घेऊन आले. दोन माणसांची, उघड्या टपाची, हैदराबादच्या कुणा जहागीरदारानं विकलेली जुनी गाडी. वाऱ्यासारखी पळायची.

"मिस्त्री, डावीकडं ओढती. गेल्या साली रिपेर केली ती झोपेत केली व्हय?"

महालिंगप्पानं चाकांची हवा बघितली. सारखी होती. पुढची दोन्ही चाकं अदलाबदल करून लावली. हातानं फिरवून बघितली. ब्रेक कुठं धरत नव्हता. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणली. सरळ. मग टायरांना ओला चुना लावून, स्टेअरिंगला हात न लावता त्यानं गाडी अंगणात ढकलली. जमिनीवर दोन सरळ रेघा उमटल्या.

"आता तुम्ही बसा, मालक."

हिंमतराव उजवीकडं, स्टेअरिंगला बसले. त्यानं पुन्हा ढकललं. रेघा डावीकडं वळल्या.

महालिंगप्पानं वीत लावून मडगार्डांची उंची मोजली. एवढा जड माणूस उजवीकडं बसलेला, आणि दबली होती डावी बाजू. चार बोटं. डावी सीट तर रिकामी होती.

हेच डावं मडगार्ड त्यानं गेल्या साली ठोकून सरळ केलं होतं. "रानडुक्कर आडवं आलं," हिंमतराव म्हणाले होते. बोल्टात मात्र हिरव्या लुगड्याची चिंधी अडकली होती. त्या दुरुस्तीच्या आदल्याच रात्री गावातल्या दगडोबाची बायको बानूबाई, माहेराहून चालत येताना, तामलवाडीच्या रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीखाली गेली होती. कुणाच्या, ते कळलं नव्हतं. महालिंगप्पानं तेव्हा ती चिंधी भट्टीत टाकली होती, कुणाला काही न सांगता.

"मालक, गाडीत दोष न्हाय. दगडोबाकडं जाऊ. दोघं मिळून सांगू."

हिंमतराव हसले. "तुमी मिस्त्री का भगत?"

गाडी निघून गेली. डावीकडं कलूनच.

नवाला शेवटची एसटी आली. ड्रायव्हर म्हणाला, हिंमतरावांची गाडी कोरड्या विहिरीत पडली. बानूबाई गेली होती तिथंच, रस्त्याच्या डाव्या अंगाला. स्टेअरिंग पार उजवीकडं वळवलेलं. हिंमतराव... गेले.

महालिंगप्पानं गॅरेज बंद केलं. सायकलवर बसला.

मागचं चाक दबलं.

कॅरिअरवर कुणी बसल्यागत.

त्यानं मागं बघितलं नाही. त्याचं घर उजवीकडं. हँडल डावीकडं ओढत होतं. डावीकडं दगडोबाचं घर.

तो पायडल मारत राहिला. ओझं हललं नाही. बोललं नाही...

दगडोबा कंदील घेऊन दारात आला.

"मिस्त्री? या वक्ताला?"

"दगडोबा... मला ठाऊक होतं."

सगळं सांगितलं. दगडोबानं कंदील उंबऱ्यावर ठेवला.

"वरीस लागलं व्हय, इथवर यायला?"

महालिंगप्पा खाली मान घालून वळला. सायकल हलकी झाली होती.

कॅरिअरच्या चापात हिरव्या लुगड्याची चिंधी होती. एका कडेला जळालेली.