निकानोराआजींचं काळं मडकं

रोसेंदा एक्स-रेची बंदूक घेऊन अंगणात शिरली, तशा कोंबड्या कलकलाट करत पांगल्या. मेक्सिकोतल्या ओआहाकाजवळच्या या कुंभारगावात तिचं स्वागत एवढंच होई. बंदूक भांड्याला टेकवून घोडा दाबला की मातीत, झिलईत काय मुरलंय ते पडद्यावर उमटे, आणि शिसं निघालं की सरकारी नियमाने ती ते भांडं फोडून टाकी.

निकानोराआजींच्या नातीच्या, अंपारोच्या रक्तात शिसं चढलं होतं. पोर बोलणं विसरत चालली होती. ते शिसं कुठून येतंय हे रोसेंदाला शोधायचं होतं.

“आधी जेव, मग शोध,” म्हणत आजींनी चुलीवरच्या काळ्या मडक्यातला घेवडा तिला वाढला. नाही म्हणणं म्हणजे भांडणच. ती जेवली. मग आजींनी नवीकोरी भांडी मांडली.

“ही दाखवायची झाली, आजी. रोजची कुठायत?”

“सरकारी असून हुशार निघालीस.”

चुलीमागून हिरव्या झिलईचा वाडगा आला. बंदूक टेकवली, तर झिलईत शिसं ठासून भरलेलं.

“त्यातून हल्ली देत नाही तिला,” आजी म्हणाल्या. “या काळ्यातून देते. सासूबाईंचं आहे. ते काढून घेतं.”

रोसेंदाने हसू दाबून बंदूक काळ्या मडक्याला टेकवली.

शिसं नाही. लोह नाही. मातीतलं सिलिकॉनही नाही. पडदा कोरा. बंदूक नुसत्या हवेत धरली तरी हवेची खूण उमटते. इथे तीही नव्हती.

तिने भिंत तपासली. भिंत बरोबर आली. पुन्हा मडकं. कोरं.

अंपारोच्या रक्ताचा ताजा अहवाल तिला आठवला. शिसं शून्य, लोहही शून्य. लोहाशिवायच्या रक्तावर माणूस जगत नाही, म्हणून तिने तो प्रयोगशाळेची चूक म्हणून बाजूला ठेवला होता.

“काय काढून घेतं, आजी?”

“जे असेल ते.”

बाहेर अंपारो गात होती. स्वच्छ, न अडखळता. इतका सुंदर आवाज रोसेंदाने कधी ऐकला नव्हता.

मघाचा घेवडा तिनेही याच मडक्यातला खाल्ला होता. तिने बोटातली चांदीची अंगठी काढून बंदुकीसमोर धरली. रोज बंदूक ती हिच्यावरच तपासून घेई; हिच्यातल्या चांदीचा आकडा तिला पाठ होता.

कोरा पडदा.

अंपारो कोंबड्यांच्या मधून धावत गेली. एकही हलली नाही.

“ये ना, मावशी,” तिने हाक मारली.

रोसेंदा अंगणात उतरली. कोंबड्या तिच्या पायांमधले दाणे निवांत टिपत राहिल्या.